हाक मारायची नाही

आमच्या घरात अप्पा सगळ्यांना हाका मारत, एक मला सोडून. बैलांना मारत, माझ्या दोघा भावांना मारत, पलीकडच्या शेतातल्या गड्याला मारत, आणि आवाज असा खणखणीत की शेतातून दिलेली हाक गावच्या विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायकांना ऐकू जायची. मला मात्र काही सांगायचं असलं तर ते आईला सांगत. "पोरीले म्हन, पानी आन." मी दोन हातांच्या अंतरावर उभी असायची. आई चुलीकडचं तोंड न वळवता म्हणायची, "आन वं इंदे," आणि मी पाणी न्यायची. तांब्या घेताना ते माझ्याकडे बघतही नसत. मला तेव्हा वाटायचं की बाप असाच असतो. नंतर थोरल्या भावाला हिवरा आश्रमाच्या शाळेत घातलं आणि तो सुटीत घरी आला, तेव्हा एसटीतून उतरलेल्या त्याला बघून अप्पांनी पांदीच्या वाटेवरूनच "ए बाल्याऽ" अशी आरोळी ठोकली. त्या दिवसापासून मी मनात एक गाठ मारून ठेवली. मी लहानपणी फार आतल्या गाठीची होते, आजही आहे असं माझी मुलगी म्हणते.

सुलतानपूरच्या बाजाराला पायी जाता येईल एवढ्या अंतरावर आमचं गाव. काळी जमीन, आणि त्या काळी हिवाळ्यात जिकडेतिकडे करडई. आता तिकडे गेलं की सोयाबीन आणि हरभरा दिसतो, करडई शोधावी लागते. आमच्या घराला करडईचा वास होता. कोवळी असताना तिची भाजी, लसणाची फोडणी देऊन, ज्वारीच्या भाकरीबरोबर. पिकल्यावर घाण्याचं तेल, ते आई ठेच्यावर कच्चंच ओतायची. पण करडई काढणं म्हणजे शिक्षा. झाड वाळलं की अंगभर काटे. म्हणून ती पहाटे काढायची, दवानं काटे नरम असतात तोवर. ऊन चढलं की तिला हात लावायची सोय नाही. हातापायांना चिंध्या गुंडाळून अप्पा आणि आई झुंजूमुंजू होताच शेतात जायचे, आणि मी मागून चहाची किटली आणि शिळी भाकरी घेऊन जायची.

त्या सकाळी मी पोचले तेव्हा अप्पांचा विळा थांबलेला होता. अप्पांचा विळा ओळीच्या मधेच थांबलेला मी कधी पाहिला नव्हता. ते उकिडवे बसले होते आणि आई त्यांच्या मागे तोंडाला पदर लावून उभी. जवळ गेले तर करडईच्या बुडाशी तितराची मादी. तितराच्या मादीचं असं असतं की अंड्यांवर बसली की अंगावर पाय पडेस्तोवर उठत नाही, आणि काट्यांच्या आत आपल्याला कोण काय करणार असा तिला भरवसा असणार. विळा तिच्या पाठीवरून गेला होता. तरी ती बसल्या जागची हलली नव्हती, तिथेच मेली होती. अप्पांनी तिला दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवलं, तर खाली सात अंडी, ताकात पीठ कालवल्यावर येतो त्या रंगाची. मी बोट लावलं. गरम होती.

अप्पांनी डोक्याची टोपी काढली, अंडी तिच्यात ठेवली, टोपी बंडीच्या आत पोटाशी धरली आणि अर्धी ओळ तशीच सोडून घराकडे निघाले. ऊन चढत होतं. आई म्हणाली, "अवो, करडई?" ते थांबले नाहीत. त्या दिवशी उरलेली करडई आम्ही दोघींनी भर उन्हात काढली, माझ्या बोटांना काटे टोचून टोचून संध्याकाळी भाकरी मोडता येईना, आणि मला त्या अंड्यांचा पहिला राग तेव्हाच आला.

आमच्या शेजारी हमीदाखाला राहायची. तिचा नवरा पिंजारी, गावोगाव गाद्या भरत फिरायचा, आणि घरी खाला आणि तिच्या कोंबड्या. तिची एक काळी कोंबडी नेमकी खुडूक बसलेली होती. अप्पांनी कुडापलीकडून विचारलं आणि खालानं एक शब्द जास्त न विचारता कोंबडी उचलून दिली. "घ्या भाऊ. तिले काय, तिले दगडं द्या, तेबी उबवन." अठराव्या का एकोणिसाव्या दिवशी पाच अंडी फुटली. दोन गार निघाली. एक पिल्लू दुसऱ्याच दिवशी कोंबडीच्या पायाखाली आलं, कारण ते अंगठ्याएवढं आणि ती चांगली दांडगी. उरली चार. पाठीवर तपकिरी पट्टे, पाय असे बारीक की चालताना दिसायचेच नाहीत, पिल्लू नुसतं घरंगळत चाललंय असं वाटायचं.

ती जगवायची कशी हे अप्पांना ठाऊक होतं. जुनं मडकं घ्यायचं, त्यात ओलं शेण आणि काडीकचरा कोंबायचा आणि संध्याकाळी वारुळाच्या कडेला पालथं घालून यायचं. सकाळी मडकं उचललं की आत उधई, म्हणजे वाळवी, वळवळत असते. ती पोत्याच्या तुकड्यावर झटकून आणायची. तितराच्या पिल्लांना तिच्यासारखं अन्न नाही. पुढे पुढे ज्वारीची कणी, गवताचं बी. गोठ्याच्या कोपऱ्यात अप्पांनी तुराट्यांचा कूड घातला, आत पिल्लं, आणि कुडाला खाली हाताएवढी फट. त्या फटीतून चारा सरकवायचा आणि हात मागे घ्यायचा. तीन आठवड्यांनी कोंबडीही काढून घेतली. आणि मग त्यांनी घरातल्या सगळ्यांना, म्हणजे आईला, कारण दोघे भाऊ तोवर शाळेला बाहेरगावी होते, एक नियम सांगितला, मी तिथेच उभी असताना.

"त्यायले तोंड दाखवाचं नाही. अन् हाक मारायची नाही. कोनं बी."

आई म्हणाली, "हाक मारली तं काय होते?"

"हाकंवर आले का मेले. आपल्याले त्यायले सोडाचे हायत. पाळाचे नाही."

नियम करून मोकळे झाले आणि स्वतः मात्र दुपार दुपार त्या कुडाला डोळा लावून बसायला लागले. तोंडातून आवाज नाही, विडी नाही, खोकला आला तर उठून गोठ्याबाहेर जाऊन खोकायचे. मी दारातून बघायची. पिल्लू उधई टिपायला धावलं की अप्पांच्या ओठांची कड हलायची. एकदा एक पिल्लू पाण्याच्या वाटीत पडलं तर त्यांनी फटीतून हात घालून ते असं अलगद काढलं की मला रडूच आलं. त्या हाताने माझ्या डोक्यावरून एकदा तरी फिरावं, एवढंच मला हवं होतं. त्याच्या दोन वर्षं आधी मला ताप आला होता तेव्हा ते गोठ्यातूनच आईला विचारायचे, पोरीचं कसं हाय म्हणून.

आता जे सांगते ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. अप्पा शेतात आणि आई भिंतीला टेकून पेंगत असायची त्या वेळेला मी गोठ्यात जाऊ लागले. कुडाच्या दोन तुराट्या सरकवून आत शिरायची, मांडी घालून बसायची, मुठीत उधई नाहीतर भाकरीचा चुरा. आणि हळू आवाजात, खाला तिच्या कोंबड्यांना बोलावायची तसं, "तीऽ ती ती ती." मला दुसरी हाक येतच नव्हती. आमच्या गावात सगळ्या बायका, सगळ्या वाड्यावस्त्यांवर, कोंबड्यांना तशीच हाक मारतात. पहिले दोन दिवस पिल्लं कोपऱ्यात दबून राहिली. तिसऱ्या दिवशी एक आलं. आठवड्यात चारही यायला लागली, हाक पुरी व्हायच्या आत, एकमेकांना ढकलत, आणि माझ्या परकरावर चढून मुठीची बोटं उकलायला बघायची. त्या वेळी जो आनंद झाला तो मला पुढे लग्नात झाला नाही, मुलगी झाली तेव्हा झाला. अप्पांकडे ती कधी येत नव्हती आणि माझ्याकडे येत होती. कुडाला डोळा लावून बसलेल्या अप्पांच्या पाठीकडे बघून मी मनातल्या मनात हसायची. हे लिहिताना लाज वाटते, पण हसायची हे खरं.

पेरणीच्या आधी, रान वखरून झालं तेव्हा, अप्पांनी ती सोडली. चारही आता चांगली भरली होती, फुर्रकन उडायची. डालग्यात घातली, वरून पोतं टाकलं, आणि आम्ही तिघं नाल्याकडच्या धुऱ्यावर गेलो. शेताचा तो बांध बोराटीच्या झुडपांनी दाटलेला होता. अप्पांनी डालगं आडवं केलं आणि लगेच पाठ फिरवली. "चाला. पाहू नोका." ते पुढे, आई मागे. मी मात्र मागे वळून बघितलं. तीन झुडपात शिरली होती. चौथं डालग्याच्या तोंडाशी उभं राहून आमच्याकडे बघत होतं, आणि माझ्या ओठावर हाक आली होती ती मी गिळली. आठ दिवस मी जेवणावर चिडचिड केली. आईला वाटलं ऊन बाधलं, तिनं मला कैरीचं पन्हं पाजलं.

नवव्या की दहाव्या दिवशी सकाळी हमीदाखाला आली. दारात उभी, आत येईना. ओढणीच्या टोकात काही धरलेलं. "भाऊ हायत का?" अप्पा बाहेर आले तशी ती ओढणी उघडून रडायला लागली. आत तितर होतं, मान लोंबलेली.

"म्या कोंबड्यायले दाने टाकाले हाक मारली, भाऊ. तं नाल्याकडून हे बी पयत आलं. कोंबड्यायमंदी घुसलं. म्या म्हनलं, या अल्लाह, हे तं भाऊचं! हात लावू लावू तं कुत्र्यानं धरलं. मह्या हाकंवर आलं हो ते."

अप्पा म्हणाले, "तुह्यी काय गलती? तू तं कोंबड्यायले बलावलं." पण ते म्हणताना त्यांच्या कपाळाला आठी पडलेली मी पाहिली. हाकेवर तितर का यावं हे त्यांना उमजत नव्हतं. मी उंबऱ्यात बसून मटकी निवडत होते. माझ्या हातातली मटकी मी खाली पाडली नाही, की वर मान केली नाही.

दुसरं चार दिवसांनी गेलं. पिठाच्या गिरणीत पलीकडच्या वस्तीवरचा एक माणूस हसत हसत सांगत होता की बायकोनं कोंबड्यांना हाक मारली आणि एक तितर आपल्या पायानं चालत आलं, आयतंच. अप्पा दळण तिथेच ठेवून घरी आले. त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळी ओट्यावर बसून आईला म्हणाले, "म्या तं एक दिवस तोंडातून शबुद काढला नाही. कोंबडीजवळ तीन आठोडे ठेवले, तिथंच चुकलं मह्यं. लौकर काढाची व्हती ती." आणि थोड्या वेळानं, "दोन राह्यले. त्यायले भेव शिकवा लागन. हाक आली का पयाचं, हे शिकवा लागन." अप्पा स्वतःला दोष देत होते आणि मी आईच्या मागे बसून लसूण सोलत होते. सांगावंसं वाटलं नाही असं नाही. पण सांगितलं असतं तर ते माझ्याशी कधीच बोलले नसते, असं मला वाटलं. आधी तरी कुठे बोलत होते, हे मला तेव्हा सुचलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून अप्पा दिवस कलताना धुऱ्याशी जायला लागले. वखरलेल्या रानात उभं राहायचं, पायाशी चारपाच ढेकळं जमवून ठेवायची, आणि खाला मारते तशी हाक मारायची. माझे अप्पा, ज्यांचा आवाज विहिरीवर ऐकू जायचा, ते बायकी आवाज काढून "तीऽ ती ती" करायचे. तितरं आली की ढेकूळ मारायचं, म्हणजे पुन्हा कोणाच्या हाकेला ती येणार नाहीत, असा त्यांचा हिशेब. आली नाहीत. दुसऱ्या दिवशीही आली नाहीत. झुडपात होती, कारण त्यांचं खाजवणं ऐकू यायचं, पण अप्पांच्या आवाजाला ती बाहेर येईनात. तिसऱ्या दिवशी आईनं मला त्यांच्यासाठी चहा घेऊन पाठवलं.

मी धुऱ्याजवळ पोचले तेव्हा ते हाक मारून थकले होते. घसा बसला होता. किटली मी ढेकळावर ठेवली. आजूबाजूला कोणी नव्हतं, निरोप द्यायला आईही नव्हती, म्हणून ते मलाच म्हणाले, "येऊन नाही राह्यले." आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्याशी सरळ बोलले असतील तर ते हे दोन-तीन शब्द. पलीकडच्या वस्तीवर कोणीतरी बाई ओरडत होती, कोंबड्यांचीच वेळ झालेली. बोराटीत सळसळ झाली. अप्पांनी तिकडे बघितलं, मग त्या वस्तीकडे, आणि त्यांचं तोंड असं झालं की मला राहवलं नाही. मी गप्प राहिले तर अजून दोन जातील, आणि बोलले तर मी गेले. मी पुढे झाले, खाली बसले आणि हळू आवाजात म्हटलं, "तीऽ ती ती ती."

दोन्ही बाहेर आली. धावत आली. काळ्या रानातून नाकासमोर, माझ्यापर्यंत, आणि एकानं माझ्या अंगठ्याच्या नखावर चोच मारली, जशी ते रोज मारायचं. मी मान वर केली नाही. अप्पांचे पाय तेवढे दिसत होते. ते कितीतरी वेळ हलले नाहीत. मग ते वाकले, एक ढेकूळ उचललं, माझा हात धरून त्यात ठेवलं आणि माझी बोटं त्यांनी स्वतः मिटवली. त्यांचा हात माझ्या हाताला लागलेला तो असा.

"मार."

"अप्पा, मी..."

"मार. मह्यं भेव नाही त्यायले. तुह्याच हातचं लागन."

मी उठून मागे सरले आणि ढेकूळ फेकलं. नेम लागला नाही. ढेकूळ फुटलं आणि दोघंही त्या मातीवर धावली, मी काही खायला टाकलंय असं समजून, आणि टिपायला लागली. मी तोंड झाकून रडायला लागले. अप्पा म्हणाले, "लागलं पायजे. मार." दुसरं मी जोरात मारलं. ते एकाच्या पंखाला लागलं, ते कोलमडलं, उठलं आणि माझ्याकडे बघत राहिलं. तिसरं मारलं तेव्हा ती झुडपात पळाली. मला वाटलं झालं. पण अप्पा म्हणाले, "आता पुन्ना बलाव." मी बोलावलं. आली, पण हात दोन हात लांब थांबली. पुन्हा मारलं. पुन्हा बोलावलं. दिवस बुडेस्तोवर मी त्यांना गोड आवाजात बोलावत होते आणि ढेकळं मारत होते. शेवटी मी "तीऽ" म्हटलं आणि दोन्ही तितरं फडफडत उठली, नाला ओलांडून पार पलीकडच्या पडीक रानात गेली. अप्पा म्हणाले, "जमलं," आणि गार झालेल्या चहाची किटली उचलून चालायला लागले.

ते मला रागावले नाहीत. मी किती दिवस वाट पाहिली, मारतील, निदान आईला सांगतील. त्यांनी आईलाही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी "पोरीले म्हन, पानी आन" म्हणाले, नेहमीसारखं. मी पाणी नेलं. त्या उन्हाळ्यानंतर मी कुठल्याही पाखराला हाक मारली नाही. देऊळगाव राजाला सासरी आले, सासूबाईंच्या कोंबड्या होत्या, त्यांना दाणे टाकताना मी नुसती सुपावर टिचक्या मारायची. सगळे हसायचे, म्हणायचे, वहिनीच्या तोंडाला काय कुलूप लावलंय का.

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेले तेव्हा आईनं केसांना तेल लावता लावता सांगितलं, आपण होऊन, मी काही विचारलं नव्हतं. "तुह्या बापाले तुह्यी माया नव्हती असं नोको समजू. पयल्यापासून म्हनत, पोरगी सोडाचीच हाय. तिले मह्या हाकंची सवय कायले लावाची? तिथं जाऊन मंग कान लावून बसन." आईच्या बोटांना करडईच्या तेलाचा वास येत होता. मला वाटलं उठून अप्पांकडे जावं आणि भांडावं. ते ओट्यावर बसून जावयाला पेरणीचं सांगत होते, मोठ्या आवाजात. मी गेले नाही.

अप्पा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. शेवटी अंथरुणाला खिळले तेव्हा आई नव्हती, भाऊ कामाच्या गावी, म्हणून मी महिनाभर जाऊन राहिले. त्यांना ज्वारीच्या आंबिलीशिवाय काही जात नव्हतं. एका सकाळी मी चुलीशी आंबील ढवळत होते आणि कोणीतरी हाक मारली. "इंदेऽ. ए इंदेऽ." बारीक, थरथरता, म्हाताऱ्याचा आवाज. आमच्या गल्लीत दोन इंदू होत्या. मला वाटलं पलीकडचा कोणी म्हातारा आपल्या लेकीला बोलावतोय, आणि बरं वाटलं की कोणी बोलावतंय. आंबील सोडली तर गाठी होतात, म्हणून मी ढवळत राहिले. अजून दोनदा हाक आली, मग थांबली. भांडं उतरवून ठेवलं आणि तेव्हा एकदम ध्यानात आलं की पलीकडच्या घराला कधीचं कुलूप आहे.

मी आत धावले. अप्पांचे डोळे मिटलेले होते आणि एक हात खाटेच्या कडेवर उताणा पडला होता, बोटं उघडी. मी तो हात धरून "अप्पा, मी आली" म्हणत राहिले. ते पुन्हा बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी गेले. काय हवं होतं, पाणी की आणखी काही, ते मला कधी कळणार नाही. त्यांनी मला तीनदा हाक मारली, मी हाकेच्या अंतरावर होते, आणि तो आवाज माझ्या बापाचा आहे हे मला ओळखू आलं नाही.